देवाज्ञा नको, कौलच राहू द्या : देवस्थान समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व सर्व सभासद, देवस्थान समिती,
तसेच बारा-पाचाचे मानकरी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी देवळात गेलो, तेव्हा सभामंडपाच्या खांबावर नवी पाटी दिसली. निळ्या रंगावर पांढरी ठसठशीत अक्षरं : ‘देवाज्ञा घेण्याची वेळ – सकाळी ८ ते १०’. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच होतं. माझं वय एकाहत्तर. या वयात देवळाच्या दारात असलं काही वाचलं की पाय आपोआप दोन पायऱ्या खाली येतात.

मराठीत देवाज्ञा कुणाला आणि केव्हा होते, हे तुम्हाला ठाऊक नाही असं कसं म्हणू? वर्तमानपत्रात आतल्या पानावर, काळ्या चौकटीत, फोटोखाली ती छापून येते. परवा मुंबईहून भाच्याचा फोन आला. ‘मामा खंय गेले?’ आमच्या घरातूनही मुद्दामच उत्तर गेलं, ‘देवाज्ञा घेऊक गेलेत.’ पलीकडून बराच वेळ आवाज नाही. शेवटी हिलाच दया आली आणि तिने खुलासा केला.

थट्टा पुरे. देवाला प्रश्न विचारून होकार-नकार घ्यायचा, त्याला आपण आजवर कौल म्हणत आलो. त्यावरच्या ठरावाची प्रत मी मिळवून वाचली. ‘कौल हा शब्द परकीय असल्यामुळे देवस्थानच्या कामकाजात यापुढे वापरू नये, त्याऐवजी देवाज्ञा असा शब्द वापरावा. ठराव एकमताने मंजूर.’ सभेच्या दिवशी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कुडाळला होतो. नसतो तर एकमत झालं नसतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट कबूल करून टाकतो. शब्द बाहेरूनच आलेला आहे. ‘क़ाफ-वाव-लाम’ हा अरबी धातू, अर्थ बोलणे. त्यावरून ‘क़ौल’, म्हणजे बोल, उच्चारलेला शब्द. मराठीचे कोशकारही या शब्दापुढे ‘अर.’ अशी खूण करतात. पण ज्या ठरावाने तुम्ही त्याला बाहेर काढलंत, त्या ठरावातला ‘मंजूर’ही त्याच गावचा. ज्यांनी सही केली ते खजिनदार अर्धे अरबी, अर्धे फारसी. जत्रेच्या पत्रिकेवर आपण दरवर्षी छापतो ते ‘सालाबादप्रमाणे’ फारसी, ‘तारीख’ अरबी. पालखीपुढची मशाल अरबी, सनई फारसी, देवळीतला नगारा आणि ताटातला अबीर दोघेही अरबी. एकेकाला वेशीबाहेर घालवायचं म्हटलं तर पालखी निघेल खरी, पण काळोखात आणि वाजपाविना.

सभेत एका तरुण सभासदाने वेगळा युक्तिवाद केला, असं कानावर आलं. कौल मुळात संस्कृतच आहे, कौलमार्गातला, म्हणून ठेवायला हरकत नाही. हेतू चांगला, पण वाट चुकलेली. तो कौल ‘कुल’ शब्दापासून झालेला, शाक्त-तांत्रिकांचा. मत्स्येंद्रनाथांचं नाव ज्या परंपरेशी जोडलं जातं, ती ही. तिचा आणि देवाच्या अंगावरच्या पाकळ्यांचा संबंध नाही. आणखी एक कौल आपल्या डोक्यावर आहे, पण तो ‘तो’ नव्हे, ‘ते’ कौल. आधी कुंभाराचं नळीचं, मग मंगलोरी. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. (देवळाच्या भक्तनिवासावरची ती कौलं उतरवून तुम्ही निळे पत्रे घातलेत. त्यावर वेगळं पत्र लिहिणार आहे.) तीन शब्द, तीन घराणी. दिसायला सारखे म्हणून एकाचे कागद दुसऱ्याच्या नावावर चढवू नयेत. कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

याच रेकॉर्ड रूमने मला कौल शिकवला. मोडी वाचता येणारे आम्ही तिथे दोघेच होतो. दुसरे माझ्याआधी निवृत्त झाले, मग मी एकटाच. जुन्या दप्तरांत ‘कौलनामा’ म्हणून कागद निघत. तोवर मला कौल म्हणजे देवळातला, एवढंच ठाऊक. सरकारी कागदात देव कुठून आला, म्हणून मी चकित झालो होतो. हळूहळू उलगडलं की आधी सरकार होतं, देव मागाहून आला.

बहमनी राज्य १३४७ सालचं, पुढे आदिलशाही. चाकरीचे आणि वसुलीचे कागद फारसीत, निदान फारसीमिश्रित मराठीत. दाभोळसारखं बंदर, घाटांतली ठाणी, आपल्या किनाऱ्यावरचे देसाई-देशमुख सगळे या कागदांच्या राज्यात आले. त्यातच हा शब्द रुळला, आणि रुळताना त्याचा अर्थ घट्ट झाला. नुसता ‘बोल’ होता, तो ‘दिलेला बोल’ झाला. कुणी फौज घेऊन आलं, दुष्काळ पडला, वसुली डोईजड झाली, की रयत काय करायची? बोचकी बांधून रानात जायची, शेजारच्या मुलखात जायची. गाव ओस. रिकाम्या गावाचा सारा कोण देणार? मग सरकारातून कौल जाई. या, आपापल्या जागी वसा, नांगर धरा. पहिल्या साली धारा नाममात्र, दुसऱ्या साली थोडा जास्त, असं चढत चढत काही सालांनी पुरा. याला इस्ताव्याचा कौल म्हणत. मागची बाकी काढणार नाही, उपद्रव देणार नाही, हेही त्यात लिहिलेलं असे. किल्ला लढवणारे थकले की तेही कौल मागत. जिवाला धोका नाही असा शब्द मिळाला, की दरवाजा उघडत.

या सगळ्या कागदांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याच्या हातात ताकद आहे तो, ज्याच्या हातात नाही त्याला, शब्द देतो. आणि दिला की स्वतःही त्यात बांधला जातो. हुकूमनामे आणि ताकीदपत्रं याच दप्तरांत वेगळी बांधलेली असत. कारकुनांनी त्यांची गफलत कधी केली नाही.

मराठ्यांच्या राज्यातही हा शब्द गेला नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश करवून घेतला, हे खरं आणि त्यामागचा विचारही मोठा. तरी पेशवाईअखेरपर्यंत कौल दिले जात होते, घेतले जात होते. शिवाय आपल्याच जिल्ह्याच्या वर, रत्नागिरीत, सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी तिथूनच चालवली. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे त्या चळवळीने रुळवलेले शब्द मी रोज वापरतो, आनंदाने वापरतो. पण दिनांक आला म्हणून तारीख गेली नाही. कोर्टात आजही तारीखच पडते. नवा शब्द जुन्याशेजारी बसला आणि दोघांनी कामं वाटून घेतली. तुमच्या देवाज्ञेचं काम मात्र मराठीत आधीच ठरलेलं आहे, ती कुठे बसणार?

आता देवळात येऊ. सरकारच्या कागदातला हा शब्द देवाच्या अंगावर कधी चढला, याचा कागद माझ्या हाती लागला नाही. पण कसा चढला असेल, याचा माझा एक तर्क आहे आणि तो मला मालवणजवळच्या आचरा गावाने दिला.

आचऱ्याची गावपळण तुम्हाला मी सांगायला नको. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री माळावर झावळ्यांच्या खोपी. हिंदू जातात, मुसलमान जातात, शाळा-दुकानं बंद. गावात चूल पेटत नाही. मग पुन्हा देवाला कौल लावतात. उजवा झाला तर गाव परत भरतो. नाही झाला तर मुक्काम वाढतो. चिंदर-वायंगणीलाही पळणीची रीत आहे.

माझी सासुरवाड त्या अंगाची. एकदा पळणीत मीही दोन रात्री खोपीत काढल्या आहेत. थंडी मरणाची, आणि खाडीवरचं वारं. पहाटे जाग आली तेव्हा समोर बोचकी, भांडी, बांधलेली गुरं, झोपलेली पोरं दिसली आणि मला अचानक कचेरीतला कौलनामा आठवला. ओस गाव, रानात गेलेली रयत, आणि परत येऊन वसण्यासाठी मिळणारा शब्द. सगळं तेच, फक्त देणारा बदललेला! सुभेदाराच्या जागी रामेश्वर. माणसांनी देवाशी बोलायची भाषा आपल्या राज्यकर्त्यांशी बोलण्यावरूनच उचलली, असं मला तेव्हापासून वाटतं. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडात देवाच्या सेवेशी थेट ‘अर्जदस्त’ पाठवला, तोही दरबारी फारसी शब्द पेरून. त्यांना देव बाटेल अशी भीती वाटली नाही. आपल्या गाऱ्हाण्याचंही तेच नाही का? फिर्याद या अर्थाचा शब्द, पण गुरव ‘बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा’ म्हणून उभा राहिला की त्याची प्रार्थना होते, आणि आपण मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. गाऱ्हाणं म्हणजे अर्ज, कौल म्हणजे त्यावरचं उत्तर. जोडी आहे ती. एकाला ठेवून दुसऱ्याला काढाल तर अर्ज आत जाईल आणि बाहेर आज्ञा येईल.

माझी खरी तक्रार ती हीच. शब्द कुठून आला यापेक्षा, त्याच्या जागी आज्ञा आली याची.

कौल लावताना काय होतं ते एकदा नीट आठवून बघा. कुठे पाकळ्या, कुठे कळ्या, कुठे तांदळाचे दाणे, पाण्याने देवाच्या अंगाला चिकटवतात. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पण त्याच्या आधी प्रश्न असतो, आणि तो माणसाचा असतो. ‘अमुक करायचा मनात आसा, तुझी मर्जी आसल्यास उजवो दी.’ देव आपणहून काही फर्मावत नाही. विचारल्याशिवाय कौल नाही. आणि डावा झाला म्हणून माणूस मान खाली घालून घरी जात नाही. प्रश्न बदलतो.

आमचं घर बांधायच्या वेळी वडिलांनी कौल लावला होता. जोतं कुठे घालायचं, यावर. जागा अशी की मधोमध जुना फणस. फणस तोडून जोतं घालू का? डावा. वडील तसेच उभे. गुरवकाका म्हणाले, ‘प्रश्न बदल.’ वडिलांनी विचार केला, आणि म्हणाले, जोतं मागे घेतो, पण मग पडवी लहान होईल, चालेल? उजवा. बाहेर येऊन वडील आजीला म्हणाले, ‘देवान शब्द दिल्यान.’ आज्ञा केल्यान असं म्हणाले नाहीत. घर आजही मागे सरकलेलं आहे, पडवी आखूड आहे, आणि दर मे महिन्यात त्या फणसाचे गरे तुमच्यापैकी निम्म्या जणांनी खाल्लेले आहेत. देवाशी घासाघीस करून मिळालेले गरे ते. इस्ताव्याच्या कौलात रयत जशी पहिल्या सालचा धारा कमी करून घ्यायची, तशीच घासाघीस.

पाकळी ओलाव्याने पडते की देवाच्या मर्जीने, हा प्रश्न मला कुणी विचारू नये. माझा विश्वास कितपत, ते मी आणि आपला देव रवळनाथ बघून घेऊ. पण विचारण्याचा, नकार ऐकण्याचा आणि पुन्हा विचारण्याचा हक्क या एका शब्दात आहे. आज्ञेत तो राहत नाही. आज्ञेला फिरून प्रश्न करता येत नाही. शिवाय आज्ञा सांगणारा माणूसच असतो, देव नव्हे. आपल्या कोकणात गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकल्याचे प्रकार झालेले आहेत. त्यासाठीच सरकारला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. असल्या निवाड्यांना कधीमधी कौलाचाही आधार घेतला गेला असेल, मी नाकारत नाही. पण उद्या कुणाचं पाणी तोडायचं झालं, तर ‘कौल झाला’ म्हणणाऱ्याला निदान ‘मग माझ्यासमोर पुन्हा लाव’ असं म्हणता येतं. ‘देवाज्ञा झाली’ म्हणणाऱ्याला काय म्हणणार?

कौल मोडतोही. इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून उचलला, ‘कावल’ असा काहीसा उच्चार करून. हॉब्सन-जॉब्सन नावाचा त्यांचा कोश १८८६ सालचा. त्यात या शब्दाचा अर्थ पटवताना कोशकारांनी थेट युरोपातला दाखला दिला : सम्राट सिगिसमुंडने यान हुसला कौल दिला, आणि मोडला. हुस हा बोहेमियातला धर्मसुधारक. अभयाच्या शब्दावर धर्मसभेपुढे गेला आणि १४१५ मध्ये जिवंत जाळला गेला. आपल्या मातीत मुरलेला शब्द, आणि त्याने त्या अन्यायाला नेमकं नाव दिलं. ‘सम्राटाची आज्ञा मोडली’ म्हटलं असतं तर गुन्हेगार हुस ठरला असता. कौल मोडला म्हटल्यावर सम्राट ठरतो.

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातही या शब्दाचं बिऱ्हाड आहे, आणि तेही धार्मिकच. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. इमाम शाफईंची बगदादमधली मतं म्हणजे ‘क़ौल-ए-क़दीम’, मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेल्यावरची ‘क़ौल-ए-जदीद’, जुना बोल आणि नवा बोल. एवढ्या मोठ्या इमामाने स्वतःचा बोल बदलला आणि दोन्ही नोंदले गेले, ही गोष्ट मला फार आवडते. आणि उरुसाच्या रात्री खाडीवरून जी कव्वाली ऐकू येते, तीही याच क़ौलची लेक. म्हणजे आपल्या देवाचा होकार आणि पलीकडची कव्वाली ही एका आजाची नातवंडं. जत्रेत आपण त्यांना मान देतो, उरुसात ते आपल्याला बोलावतात. शब्दांनी तरी वेगळी चूल का मांडावी?

देवळाबाहेर कौलाचे हाल झालेत, हे मात्र मान्य. निवडणूक आली की ‘जनतेचा कौल कुणाला’ म्हणून दिवसभर टीव्ही ओरडत असतो. क्रिकेटच्या बातमीत ‘नाणेफेकीचा कौल’ असतो. देवाचा शब्द एका नाण्याच्या उडीवर आला. तरी जनतेचा कौल म्हणणाऱ्याने नकळत एक बरी गोष्ट केली आहे असं मला वाटतं. जुन्या कागदात वरचा खालच्याला कौल द्यायचा. आता पुढारी हात जोडून मागतो आणि आपण देतो. आंगणेवाडीला हे दृश्य दरवर्षी एकाच मंडपात दिसतं. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलानेच ठरते. आणि त्या तारखेला मुंबईहून झाडून सगळे पुढारी रांगेत उभे असतात, दुसऱ्या कौलासाठी. त्या रांगेतल्या कुणाला ‘जनाज्ञा’ मागायला आलोत असं म्हणून बघायला सांगा. जीभ वळणार नाही.

तुमच्यापैकी काहींना माझं म्हणणं पटणार नाही, हे ठाऊक आहे. सचिव म्हणतील, मग देवालाच विचारू या, शब्द ठेवावा की काढावा. माझी तयारी आहे. मी अंघोळ करून, सोवळ्याने येतो. फक्त गुरवकाकांनी गाऱ्हाणं घालताना देवाकडे नेमकं काय मागायचं, तो शब्द समितीने आधी ठराव करून त्यांना लेखी द्यावा. परवा त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, माझ्या तोंडात तर कौलच येणार, देवाज्ञा दी म्हणून मी देवाकडे मागायचा नाय, घरात ल्हान नातवंडां आसत.

राहिला पाटीचा खर्च. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, मी चौकशी केली आहे. देवाज्ञा तीन अक्षरी, कौल दोन अक्षरी, तेव्हा पहिल्यापेक्षा स्वस्तच पडेल. पुन्हा रंगवायचे पैसे मी खजिनदारांकडे जमा करतो. पावती मिळावी. निळा रंग उरला असेल तर तो भक्तनिवासाच्या पत्र्यांना नका लावू, एवढंच.

आपला,
खालच्या वाडीतला, आखूड पडवीचा गावकार